शेजारी माग, भिंतीला ओल आणि फेब्रुवारीत परीक्षा: काम कुठून सुरू करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. घर सोलापुरात, अशोक चौकाच्या मागच्या गल्लीत, पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचं बांधकाम. एका बाजूची भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आणि तिच्या पलीकडे कापड विणणारे सहा यंत्रमाग, दोन पाळ्यांत चालणारे. मुलगा बारावीला, त्याची अभ्यासाची खोली नेमकी त्याच भिंतीला लागून. भिंत खालून तीन फुटांपर्यंत ओली, रंगाचे पोपडे सुटलेले. छताखाली एक आडवी भेग, खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी. एका इंटिरियरवाल्याने त्या भिंतीवर फोम आणि बोर्ड लावायचं ८५ हजारांचं कोटेशन दिलंय. "आवाज बंद होईल आणि ओलही झाकून जाईल" असं तो म्हणतो. डिसेंबर चालू आहे, परीक्षा फेब्रुवारीत. काम आत्ताच करून घ्यावं का?

नका करून घेऊ. निदान हे काम, या भिंतीवर, आत्ता तरी नको.

मी सोलापुरात सव्वीस वर्षं घरदुरुस्तीची कामं घेतोय. "झाकून जाईल" हे शब्द कानावर आले की मला पुढचं काम दिसायला लागतं, कारण झाकलेली ओल दोन पावसाळ्यांत परत बाहेर येते आणि मग फोन मला येतो. ओल्या भिंतीपुढे जिप्सम बोर्ड उभा केला की मधल्या फटीत वारा नाही, ऊन नाही. बुरशीला याहून चांगली जागा कुठे मिळणार? बोर्ड खालून फुगतो. आत भरलेली रॉकवूल (दगडी तंतूंची लोकर) भिजून जड होते आणि खाली बसते. वरचा अर्धा भाग पोकळ राहिला की आवाजही पुन्हा येतो. पैसे जातात आणि दोन्ही दुखणी जागच्या जागी राहतात. म्हणून तुमच्या घरात आधी ओल, मग भेगा, आणि आवाजाचं मोठं काम सगळ्यात शेवटी. परीक्षेपुरतं काय करायचं ते वेगळं सांगतो. ते एका रविवारचं काम आहे.

आधी ओल. तुम्ही लिहिलंय की डाग तीन फुटांवर सरळ रेषेत थांबतो आणि पोपड्याखाली पांढरी पूड दिसते. याला आपण लोणा म्हणतो. जमिनीतलं पाणी भिंतीच्या विटांतून वर चढतं, बरोबर क्षार घेऊन येतं; पाणी उडून जातं, क्षार मागे राहून रंगाला आतून ढकलतात. असं खालून चढणारं पाणी साधारण तीन-चार फुटांच्या वर जात नाही. गळक्या पाइपची ओल अशी नसते. ती एका जागी गडद, गोल किंवा वेडीवाकडी पसरलेली असते आणि पाणी वापरलं की वाढते. तेव्हा तुमचं पाणी खालून येतंय हे बहुतेक नक्की. प्रश्न एवढाच की खाली पाणी कुठून येतंय.

माझा पहिला संशय हौदावर. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, मधे तीन-चार दिवस जातात, कधी जास्तही. त्यामुळे सोलापुरात घर बांधताना देवघराच्या आधी हौदाची जागा ठरते. आणि जागा कमी असली की तो हौद नेमका बोळात, भिंतीच्या पायाला चिकटून खोदला जातो. तुमचा हौद कुठे आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही, पण त्या भिंतीपासून पाच-सहा फुटांत असेल तर मला नवल वाटणार नाही. तुमचा नसेल तर शेजाऱ्यांचा असेल.

तपासायला एक पैसा लागत नाही. पाणी येऊन हौद भरला की आधी वरची टाकी चढवून घ्या. मग मोटर बंद, नळाचा कॉक बंद. हौदाच्या आतल्या बाजूला पाण्याच्या रेषेवर खिळ्याने बारीक ओरखडा काढा. पेन्सिल पुसते, खडू तर राहतच नाही. झाकण लावा आणि चोवीस तास हौदाला हात लावू नका, घरात टाकीचं पाणी वापरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी बघा. झाकलेल्या हौदातून एका दिवसात डोळ्याला दिसेल इतकं पाणी उडून जात नाही. रेषेखाली पाणी गेलं असेल तर ते जमिनीत गेलं. सहा बाय पाच फुटांच्या हौदात एक सेंटिमीटर उतार म्हणजे जवळजवळ २८ लिटर. दोन मोठ्या घागरी तुम्ही रोज घराच्या पायात ओतताय आणि वर पुट्टी लावताय.

उतार दिसला तर लगेच हौद रिकामा करू नका. दोन-तीन दिवस तसाच उतरू द्या. पाणी जिथे येऊन थांबेल, भेग त्याच उंचीवर असते. तळापर्यंत गेलं तर दोष तळात किंवा तळ-भिंतीच्या सांध्यात. एवढं कळलं की मिस्त्रीचं निम्मं काम झालं. भेग व्ही आकारात कोरून पॉलिमर मिसळलेल्या सिमेंटने भरायची, कोपऱ्यांना गोळा (सिमेंटची गोलाई) करून घ्यायचा, आणि आतून पिण्याच्या पाण्याला चालणाऱ्या वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे. डब्यावर तसं लिहिलेलं वाचून घ्या. डांबर लावतो म्हणणाऱ्याला चहा पाजून परत पाठवा. मधले काही दिवस हौद कोरडा ठेवावा लागेल, तेवढ्यापुरती बॅरलची सोय करा.

हौद निर्दोष सुटला तर दुसरा संशय ड्रेनेजच्या चेंबरवर, तिसरा मोरीवर. मोरीत जाळीवर बोळा घट्ट बसवून दोन इंच पाणी अडवा, त्यात थोडी कुंकवाची चिमूट किंवा खाण्याचा रंग टाका आणि रात्रभर ठेवा. सकाळी पातळी उतरली असेल किंवा भिंतीच्या तळाशी रंग दिसला, तर उत्तर मिळालं. शहाबादी फरशी असेल तर बहुतेक वेळा दर्जा, म्हणजे फरश्यांमधले सांधे, सुटलेल्या असतात. त्या खरवडून भरल्या तरी पुष्कळ फरक पडतो. संडास-मोरी पूर्ण उखडायचा सल्ला कोणी दिला तर आधी दर्जा भरून महिनाभर वाट बघा.

आणखी एक शंका पुष्कळ जण काढतात: ही ओल हवेतली तर नसेल? एक फूट बाय एक फूट प्लॅस्टिक भिंतीवर चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडून आले तर पाणी भिंतीत आहे, खोलीच्या बाजूने आले तर हवेतलं. आपल्या कोरड्या हवेत हवेतल्या ओलीचं प्रकरण मी क्वचितच पाहिलंय, पण खात्री केलेली बरी.

पाण्याचा उगम बंद झाला की भिंत मोकळी करायची. डागाच्या वर एक फूट जाईपर्यंत प्लास्टर उतरवा, विटांमधला सांधा अर्धा इंच खरवडा आणि तसंच सोडा. क्षार बाहेर येतील ते कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलं की ते विरघळून परत आत जातात. पाहुणे आले की विटा दिसतात म्हणून लोक महिन्याभरात कंटाळतात आणि प्लास्टर मारून घेतात. नऊ इंची भिंत अशी वाळत नाही, तिला काही महिने लागतात. पण एप्रिल-मे आपला आहे. पारा ४२-४३ वर गेला की जे काम मशीन करणार नाही ते सोलापूरचा उन्हाळा फुकटात करतो. म्हणून मी म्हणतोय, प्लास्टर परीक्षेनंतर मार्चमध्ये उतरवा आणि मेअखेर नवीन करा, पावसाच्या आधी.

वाचणाऱ्या कोणाचं घर जुन्या पेठेतलं, चुन्यात बांधलेलं, माळवदाचं असेल तर मात्र सिमेंट प्लास्टर आणि वॉटरप्रूफ पुट्टी अजिबात नको. चुन्याची भिंत श्वास घेते. तिच्यावर सिमेंटचं कातडं चढवलं की ओल बाहेर पडायचा रस्ता शोधत आणखी वर चढते. अशा घरांना चुन्याचंच प्लास्टर करणारे गवंडी अजून मिळतात, शोधावे लागतात इतकंच.

आता भेगा. छताखालची आडवी भेग बघून घाबरू नका. काँक्रीट तापलं की वाढतं: दहा मीटर लांबीचा स्लॅब तीस अंशांच्या फरकाने सुमारे तीन मिलिमीटर लांबतो. मेमध्ये दुपारी गच्चीवर अनवाणी उभं राहता येत नाही आणि पहाटे तीच गच्ची गार असते. म्हणजे तुमचा स्लॅब रोज भिंतीच्या डोक्यावर पुढे-मागे सरकतोय. ती भेग सिमेंटने भरली की पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते. तिथे लवचीक सीलंट भरायचं. आणि खरा उपाय वर आहे: गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परतवणारा पांढरा रंग. स्लॅब कमी तापतो, भेग कमी हलते, खालची खोलीही गार राहते. त्यात गच्चीचा उतार आणि कठड्याच्या कडेचा गोळा तपासा. आपल्याकडे सगळ्यात जास्त पाऊस सप्टेंबरात पडतो, तोवर जून-जुलै कोरडे गेलेले बघून लोक निर्धास्त झालेले असतात.

खिडकीच्या कोपऱ्यातली तिरकी भेग जरा गंभीरपणे घ्या. खाली काळी माती असेल तर ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, घर त्यावर डोलतं. भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून तारीख लिहा, मधे प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक छोटा पट्टा लावा. पट्टा तडकला, रेघेपुढे भेग सरकली किंवा फटीत आता रुपयाचं नाणं जातंय, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. हे माझं काम नाही आणि रंगवाल्याचं तर नाहीच. सहा महिने जागची हलली नाही तर कोरून, जाळी मारून भरून घ्या. काहीही निघो, घराभोवती तीन फुटांची पक्की पट्टी बाहेरच्या बाजूला उतार देऊन करा. काळ्या मातीला पाणी न मिळू देणं हे अर्धं औषध आहे.

आता आवाज, ज्यासाठी तुम्ही खरं विचारलंत.

भिंतीवरचा फोम आवाज अडवत नाही. अंड्यांचे ट्रे, थर्माकोल, जाड पडदे, यातलं काहीच अडवत नाही. फोम काय करतो, तर खोलीच्या आत घुमणारा आवाज शोषतो; म्हणून तो रेकॉर्डिंगच्या खोलीत लावतात. पलीकडून येणारा आवाज अडवायला वजन लागतं. वजन दुप्पट केलं की साधारण सहा डेसिबल जास्त अडतं, आणि दहा डेसिबल कमी झाले की कानाला आवाज निम्मा झाल्यासारखा वाटतो. हाताने उचलला जाणारा फोमचा तुकडा हे करणार कसं? आपली सोलापुरी चादर भिंतीवर टांगली तरी तेच. ऊब देते, माग अडवत नाही. त्यात साधा फोम पेटला तर विषारी धूर करतो, आणि अभ्यासाच्या खोलीत चार्जर, टेबललॅम्प असतातच.

तुमची भिंत नऊ इंची वीट आणि दोन्ही बाजूंना प्लास्टर अशी असेल तर तिचं वजन चौरस मीटरला चारशे किलोच्या वर जातं. अशी धड भिंत पन्नास डेसिबलच्या आसपास अडवते, म्हणजे ती बिचारी आपलं काम करतेय. मग एवढा आवाज कुठून येतो? बहुतेक वेळा भिंतीतून नाही. शंभर चौरस फूट भिंतीत एक चौरस फूट उघडी जाळी राहिली तर भिंत किल्ल्याएवढी जाड करा, सगळं मिळून अडवणूक वीस डेसिबलच्या वर जात नाही. आवाज पाण्यासारखाच आहे, फट शोधतो.

काही वर्षांपूर्वी साखर पेठेत एका घरी गेलो होतो. मालकांनी दुसऱ्या कोणाकडून सामाईक भिंतीवर बोर्ड लावून घेतले होते आणि फरक शून्य. मी खोलीत उभा राहिलो, वर बघितलं, तर छताजवळ एक वहीच्या पानाएवढा झरोका होता, तो बोळात उघडत होता. बोळाच्या पलीकडे कारखान्याचा तसाच झरोका, समोरासमोर. पुठ्ठा घेऊन झरोक्यावर दाबून धरला आणि मालकांकडे बघितलं. ते काही बोलले नाहीत, खुर्चीवर बसले फक्त. झालेल्या खर्चाबद्दल मीही काही विचारलं नाही.

तेव्हा आधी रस्ते शोधा. रात्री खोलीतला दिवा घालवा आणि बाहेरून कोणाला तरी खिडकी-दाराच्या कडांवरून टॉर्च फिरवायला सांगा. जिथून उजेड दिसतो तिथून आवाज येतो. दुसरी युक्ती उदबत्तीची: पंखा बंद करून पेटती उदबत्ती चौकटीच्या कडेने हळू न्या, धूर जिथे वाकतो तिथे फट. सामाईक भिंतीवरचा स्विचबोर्ड काढून बघा. दोन्ही घरांचे बोर्ड पाठीला पाठ लावून असतील तर मधे एक-दीड इंच सिमेंट उरलेलं असतं, कधी तेही नाही. भिंत वर कुठे संपते ते माळ्यावर चढून बघा. वर पत्रा असेल तर पुष्कळदा भिंत पत्र्यापर्यंत नेलेलीच नसते. विटांचे दोन थर कमी, आणि सगळा कारखाना त्या फटीतून तुमच्याकडे.

मागाचा आवाज दोन रस्त्यांनी येतो हे लक्षात ठेवा. एक हवेतून: धोटा (आडवा धागा नेणारा) पेटीवर आदळतो तो खट्ट आवाज. दुसरा जमिनीतून: धागा ठोकून बसवणाऱ्या फणीचा ठोका मागाच्या पायातून फरशीत, फरशीतून घराच्या पायात आणि तिथून तुमच्या भिंतीत. कोणता किती, हे बघायला ताटात बोटभर पाणी घ्या आणि ताट खोलीत फरशीवर ठेवा. माग चालू असताना पाण्यावर बारीक वलयं उठत असतील तर जमिनीचा रस्ता चालू आहे. मग दोन्ही कान तळव्यांनी घट्ट दाबून भिंतीला पाठ टेकून उभे राहा. तरीही ठोका पाठीत कळत असेल तर बोर्ड लावून तो जाणार नाही, कारण तो तुमच्या फरशीतून, तुमच्या छतातूनही येतोय. त्याचं औषध पलीकडे आहे.

परीक्षेआधीचं काम आता सांगतो. झरोक्यावर आतून १२ किंवा १८ मिलिमीटरचा प्लायवूड कापून बसवा, कडेने रबरी गॅस्केट. खिडकी सरकती असेल तर तिच्या ट्रॅकमधले ब्रश बहुधा झडलेले असतात, ते बदलता येतात. भिंतीच्या आणि चौकटीच्या मधली फट अॅक्रिलिक सीलंटने भरा. दाराच्या तीन बाजूंना चिकटणारी रबरी पट्टी. खालच्या बाजूला मात्र नवीन घरांत अडचण येते, कारण आतल्या खोल्यांना उंबरठे राहिले नाहीत. जुन्या लोकांनी उंबरठा आवाजासाठी केला नव्हता, पण दार त्यावर बसलं की आवाजही बसायचा. तुम्ही अर्धा इंच उंच ग्रॅनाइटची पट्टी चिकटवून दाराला खाली रबर लावा. दार पोकळ असेल तर ठोकून बघा, डबड्यासारखं वाजतं. मग त्याला बाहेरून प्लायचा एक पत्रा मारून जड करता येईल. स्विचबोर्डाची खाच सिमेंटने बुजवून बोर्ड भिंतीवर वरून बसवून घ्या. हे काम वायरमनकडूनच, आणि मेन स्विच बंद करून.

आणि टेबल हलवा. एवढं साधं कोणी करत नाही. टेबल सामाईक भिंतीपासून सगळ्यात लांबच्या भिंतीला न्या, जमलं तर मागच्या खोलीत. मधे दोन दारं आली तर बोर्डाच्या कामाएवढा फरक पडतो. स्टीलचं कपाट सामाईक भिंतीला टेकून ठेवू नका, ते मागाबरोबर थरथरतं आणि स्वतःच वाजतं. तिथे पुस्तकांचं भरलेलं लाकडी कपाट चालेल. पंख्याचा एकसारखा आवाजही चालू द्या. ठोक्यापेक्षा सतत घोंघावणारा आवाज डोक्याला कमी टोचतो, आणि तो ठोक्यातलं थोडं झाकतोही.

उन्हाळ्याचं काय, हा प्रश्न पुढे येणारच. कूलर म्हणजे खिडकीत पाडलेलं दोन फुटांचं भोक, आणि कूलरला मागून मोकळी हवा लागतेच, खिडकी बंद करून तो चालत नाही. कूलर कारखान्याच्या बाजूच्या खिडकीत असेल तर आधी त्याची बाजू बदला. बाजूच नसेल तर प्लायची नागमोडी पेटी करून घेता येते: हवा दोन वळणं घेऊन आत येते, पेटीला आतून रॉकवूल आणि वर कापड. हवा वळते, आवाज वळणावर मरतो. पेटी चांगली मोठी करावी लागते, नाहीतर हवा कोंडते. मी अशा तीन केल्या, त्यातली एक जमली नाही, कारण जागा वाचवायला वळण एकच ठेवलं होतं.

भिंतीचं मोठं काम करायचंच असेल तर ते मेनंतर, भिंत वाळल्यावर, आणि रस्ते बुजवून झाल्यावर पुन्हा कान देऊन. माझा अनुभव असा की निम्म्या घरांत तोवर त्या कामाची गरज उरत नाही. उरली तर पद्धत नीट ठेवा. नवी चौकट जुन्या भिंतीला कुठेही टेकता कामा नये, मधे एक इंच मोकळं. खाली-वर चॅनेलखाली रबरी पट्टी. दोन इंची चौकटीत ५० मिलिमीटरची रॉकवूल, दाबून न कोंबता. बाहेरून साडेबारा मिलिमीटरचे जिप्सम बोर्ड दोन थर, वरच्या थराचे सांधे खालच्यावर येऊ न देता. फरशी, छत आणि बाजूच्या भिंतींशी चार-पाच मिलिमीटरची फट ठेवून ती सीलंटने भरायची. इथेच बहुतेक कारागीर पीओपी भरतात आणि सगळं काम पुन्हा भिंतीला जोडून टाकतात. खोलीचे चार इंच जातील. कोटेशन देणाऱ्याला एकच विचारा: "चौकट भिंतीला कुठे कुठे स्क्रू करणार?" त्याने जागा दाखवायला सुरुवात केली की तुम्हाला उत्तर मिळालं. नीट झालं तर आवाज निम्मा-पाऊण वाटेल. शंभर टक्के बंद करतो म्हणणाऱ्याकडून लेखी घ्या, तो देणार नाही.

शेवटी शेजारी. कायद्याने, ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे, रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मोबाइलवरचं अॅप आकडा अचूक देत नाही, पण काम करण्याआधी आणि नंतर किती फरक पडला हे त्यावर कळतं. तक्रार करता येते. पण या भागात निम्म्या गल्लीचं पोट मागावर चालतं, आणि तुम्हाला त्या घराशेजारी पुढची वीस वर्षं राहायचंय. मी आधी बोलायला जा म्हणेन, आणि रिकाम्या हाताने नाही. मागाच्या पायांखाली जाड रबरी पॅड घालता येतात. सहा मागांचे चोवीस पाय, खर्च तुमच्या कोटेशनच्या आसपासही जाणार नाही. अर्धा तुम्ही द्या. सामाईक भिंतीला मोटरचा ब्रॅकेट ठोकलेला असेल तर तो जमिनीवर उतरवायला सांगा. भिंतीला सगळ्यात जवळचा माग दोन फूट आत सरकवता येतो का, हे मालकाला नको, जॉबरला (मागांची देखभाल करणाऱ्याला) विचारा. कुठला माग जास्त धडधडतो आणि का, हे त्याला पाठ असतं. बोल्ट ढिले झालेला एक माग बाकीच्या पाचांपेक्षा जास्त त्रास देतो, हे मी दोनदा पाहिलंय.

आणि फेब्रुवारी-मार्चपुरतं एवढंच मागून बघा: रात्री दहानंतर भिंतीलगतचे दोन माग बंद, बाकीचे चालू द्या. हे मागायला एकट्याने जाऊ नका, मुलाच्या आईला बरोबर घ्या. बोलणं बहुतेक त्या घरातल्या आईशीच होईल.